हळहळ आणि शोक : रस्त्याकडेच्या किरकोळ गोष्टींविषयी

१

नष्ट होणाऱ्या गोष्टींची आपल्या मनात एक अलिखित प्रतवारी असते. किल्ल्याचा बुरूज ढासळला तर वर्तमानपत्रांतून पत्रे प्रसिद्ध होतात. एखादी बोली बोलणारी शेवटची पिढी सरत आली की परिसंवाद भरतो. परंतु रस्त्याच्या वळणावरचे चहाचे हॉटेल, त्याच्यासमोर मालकाने हौसेने मांडून ठेवलेली एखादी विचित्र वस्तू, झाडाच्या बुंध्याला ठोकलेली हातरंगाची पाटी हे सारे नाहीसे होते तेव्हा त्याची नोंद कोठेच होत नाही. तो वारसा नव्हता, ती कला नव्हती आणि फारशी उपयुक्तताही तिच्यात नव्हती. ती गोष्ट किरकोळ होती. अशा किरकोळ गोष्टीच्या नाहीसे होण्याला 'हानी' म्हणता येईल काय, आणि म्हणता येत असेल तर त्या हानीविषयी दुःख करण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो वरवर पाहता सौंदर्यशास्त्राचा वाटतो. मात्र थोडे खोलात गेल्यावर तो नीतीचा असल्याचे ध्यानात येते.

माझ्यासमोर असलेला प्रदेश म्हणजे रायगड जिल्ह्याची किनारपट्टी आणि तिच्याकडे जाणारे जुने रस्ते. पळस्प्याहून निघणारा मुंबई–गोवा रस्ता कर्नाळ्याच्या अभयारण्यातून जातो, हमरापूर, पेण करीत वडखळ नाक्याला येतो. तेथे अलिबागचा फाटा फुटतो. मूळ रस्ता नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड असा दक्षिणेकडे उतरतो. या रस्त्याचा क्रमांक पूर्वी १७ होता, २०१० साली तो ६६ झाला. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये आरंभ झाला आणि ते दशकाहून अधिक काळ रेंगाळले. दरम्यान २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी रो-रो सेवा सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतूचे उद्घाटन झाले. आता मुंबईचा प्रवासी खाडीवरून उडत येतो किंवा समुद्रावरून तरंगत येतो. रस्त्यावरून, म्हणजे रस्त्याच्या कडेकडेने येण्याची गरज त्याला उरलेली नाही.

या कडेला काय होते? कर्नाळ्याच्या आसपास करवंदे, जांभळे आणि पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या ठाकूर-कातकरी स्त्रिया होत्या. हमरापूर, जिते या भागांत उघड्या शेडमधून ओळीने उभे असलेले, अद्याप रंग न लागलेले, डोळे न उघडलेले शेकडो पांढरे गणपती धावत्या एस.टी.तून दिसत. अलिबागच्या वाटेवर पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या असत. यांतील काही गोष्टी अजूनही आहेत; पांढऱ्या कांद्याला तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु ज्या गोष्टींना मानांकन मिळण्याची सुतराम शक्यता नव्हती, त्या प्रथम गेल्या. त्यांतली एक मला जवळून ठाऊक होती. तिच्याकडे मी शेवटी येईन.

२

या किरकोळ गोष्टींचे स्वरूप काय, हे आधी पाहिले पाहिजे. अमेरिकेतील वाळवंटी रस्त्यांवर अशा विचित्र आकर्षणांची एक संस्कृतीच निर्माण झाली होती. शिकागोहून पश्चिमेकडे जाणारा 'रूट ६६' हा १९२६ साली क्रमांकित झालेला रस्ता त्यासाठी प्रसिद्ध आहे. अ‍ॅरिझोनातील होलब्रुक येथे १९५० साली बांधलेले, काँक्रीटच्या तंबूंचे एक मोटेल तेथे आजही उभे आहे. रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राऊन आणि स्टीव्हन आयझेनॉर यांनी १९७२ मध्ये 'लर्निंग फ्रॉम लास व्हेगस' या ग्रंथात अशा बांधकामांकडे वास्तुविद्येने गंभीरपणे पाहावे असे सुचविले. रस्त्याकडेची इमारत धावत्या माणसाशी बोलते, म्हणून ती प्रथम खूण असते आणि नंतर निवारा, हा त्यांचा निष्कर्ष साहित्याच्या अभ्यासकाला लगेच ओळखीचा वाटावा. रस्त्याकडेची विचित्र वस्तू ही एक उक्ती आहे. तिला वक्ता आहे, श्रोता आहे, आणि तिचा आशय बहुधा एकच आहे : थांबा.

ही उक्ती कोणत्या जातीची आहे? लुई अल्थुसेरने १९७० च्या आपल्या विख्यात निबंधात पोलिसाच्या हाकेचे उदाहरण दिले आहे. हाक ऐकून वळणारा माणूस त्या वळण्यातूनच सत्तेचा विषय बनतो. महामार्गावरील पाट्या या जातीच्या आहेत. 'वेगमर्यादा', 'मार्गिका बदलू नका' या आज्ञा वाहनाला असतात. त्यातल्या माणसाला नसतात. मार्क ओजे या फ्रेंच मानवशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये 'अ-स्थळां'ची कल्पना मांडली, तेव्हा महामार्गाचे हेच वैशिष्ट्य त्याने टिपले : महामार्ग गावे टाळतो आणि त्या बदल्यात पाटीवर त्यांची नावे लिहितो. टपरीवाल्याची हाक वेगळी आहे. ती ऐकली नाही तर दंड नाही. ती कोणा विशिष्ट माणसाला नाही आणि तरीही प्रत्येकाला व्यक्तिशः आहे. आपल्या भाषेत तिला 'या, बसा' असे म्हणतात.

अर्थात या 'या, बसा'मध्ये अगत्य किती आणि आमिष किती, हा प्रश्न उरतोच. टपरीवाल्याला चहा विकायचा असतो. तथापि शुद्ध आमिषाला हौसेची गरज नसते. 'चहा मिळेल' एवढी पाटी पुरेशी असताना ज्याने ती चार रंगांत रंगविली, त्याने व्यवहारात न मोजता येणारे काहीतरी जादा दिले आहे. हा जादा भाग म्हणजेच त्या वस्तूचे 'विचित्रपण'. अनोळखी माणसासाठी, तो थांबेल याची शाश्वती नसताना, केलेला हा अनावश्यक खर्च आहे. त्याला सौंदर्यमूल्य असो वा नसो, नैतिक मूल्य निश्चित आहे.

मराठी वाङ्मयाला हा विचार परका नाही. महानुभावांची 'स्थानपोथी' हा चौदाव्या शतकातला गद्यग्रंथ घ्या. श्रीचक्रधर जेथे जेथे थांबले त्या स्थानांची तीत नोंद आहे. आणि ही नोंद केवळ देवळांची नाही, तर गावाच्या कोणत्या दिशेला, कोणत्या दाराशी, कशाच्या जवळ ते बसले, अशा बारकाव्यांची आहे. त्या स्थानांवर बांधलेले ओटे आजही पूज्य आहेत. थांबण्याने जागा निर्माण होते, ही जाणीव या ग्रंथाच्या मुळाशी आहे. जागा मोठी होती म्हणून कोणी तेथे थांबले नाही. कोणी थांबले म्हणून ती जागा झाली. पेणजवळच्या वरसई गावाहून १८५७ मध्ये उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला. बंडाची धामधूम सांगतानाही मुक्कामाच्या जागा आणि तेथे भेटलेली माणसे सांगण्यात त्यांना रस आहे. आपल्या प्रवासगद्याचा आरंभ मुक्कामांच्या गद्यात आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.

याच किनाऱ्यावर पाहणारा आणि पाहिला जाणारा यांची अदलाबदल झाल्याचे एक मासलेवाईक उदाहरण आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला. तेथल्या लोकांचे उघडे अंग पाहून तो चकित झाला. पण आपण जाऊ तेथे गोरा माणूस पाहायला लोक मागे लागतात, हेही त्याने नोंदवून ठेवले. वाटेवरची विचित्र वस्तू तोच होता. आज रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. कुतूहल दुहेरी असते आणि थांबल्याशिवाय ते दुहेरी होत नाही. ताशी शंभराच्या वेगात फक्त एकेरी दृष्टी संभवते.

३

येथवर आलेले विवेचन जुन्या रस्त्याचे गुणगान वाटण्याचा धोका आहे. म्हणून तीन आक्षेपांचा विचार करणे अगत्याचे आहे.

पहिला आक्षेप सर्वांत जड आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन बसगाड्या व इतर वाहने नदीत गेली. तो पूलही 'जुना', 'रम्य' होता. त्याच्या कमानींची छायाचित्रे घेणारे प्रवासी होते. त्याच्याजागी नवा पूल काही महिन्यांतच उभा राहिला. जुन्या रस्त्याविषयी हळवे होणाऱ्या प्रत्येकाने आधी या पुलावरून मनाने गेले पाहिजे. अरुंद वळणे मोहक असतात, ती समोरून ट्रक येईपर्यंत. रस्ता रुंद व्हावा, पूल मजबूत व्हावा ही मागणी या जिल्ह्यातल्या माणसांची आहे आणि ती न्याय्य आहे.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे. ज्या रस्त्याच्या कडा आज हळहळीचा विषय झाल्या आहेत, त्या रस्त्याने स्वतःच एक जुने जग मोडले आहे. रेवस, धरमतर, रेवदंडा या बंदरांना आगबोटी आणि मचवे लागत तेव्हा बंदरांवर जी वर्दळ होती, ती गाडीरस्त्यांनी आणि खाडीपुलांनी ओसरली. त्याआधी, शतकानुशतके परदेशी गलबते पाहिलेल्या चौलचे माडांच्या वाड्यांत लपलेले गाव झाले. म्हणजे प्रत्येक वाट आधीच्या वाटेची मारेकरी असते. मग याच टप्प्यावर दुःख का करावे? आपले तारुण्य या टप्प्यात गेले म्हणून? तसे असेल तर हे दुःख आपल्या वयाचे आहे, त्यात रस्त्याचा काही संबंध नाही.

बोरघाटातले शिंग्रोबाचे देऊळ या संदर्भात आठवते. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणाऱ्या आणि त्याच इंग्रजांकडून मारल्या गेलेल्या धनगराचे ते स्थान, अशी आख्यायिका आहे. जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने जाणारे चालक तेथे नाणे टाकीत. आख्यायिका खरी की खोटी हा वेगळा मुद्दा. पण तिच्यात लोकमानसाने एक गोष्ट अचूक ओळखलेली आहे : नव्या वाटेच्या मुळाशी कोणाचा तरी बळी असतो, आणि त्या वाटेने जाणाऱ्याने त्याचे थोडे तरी देणे लागते. नाणे अगदी क्षुल्लक असते. परंतु ते टाकण्यासाठी वेग कमी करावा लागतो. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावर पथकर भरपूर द्यावा लागतो. देणे लागत असल्याची भावना मात्र त्यातून उत्पन्न होत नाही.

तिसरा आक्षेप वर्गाचा आहे. ज्यांना आपण 'वाटेवरचे रंग' म्हणतो ती माणसे उन्हात बसलेली असतात. करवंदांचा द्रोण विकणाऱ्या कातकरी स्त्रीच्या दारिद्र्यावर आपल्या प्रवासाचे रम्यपण उभे असते. होलब्रुकच्या काँक्रीटच्या तंबूंचीही हीच गोष्ट आहे. ज्यांच्या जमिनी हिरावल्या गेल्या, त्यांच्या निवाऱ्याचा आकार घेऊन रात्रीपुरत्या खोल्या भाड्याने देणे, हे निरागस विचित्रपण नव्हे. तेव्हा रस्त्याकडेचे प्रत्येक आकर्षण हे 'या, बसा' असतेच असे नाही. काही ठिकाणी बोलणारा एक असतो आणि मांडला गेलेला दुसराच असतो.

४

हे तिन्ही आक्षेप मान्य केल्यावर काय उरते? एक सोपा उपाय पुढे केला जातो : जतन. 'रूट ६६' हा १९८५ साली अधिकृत महामार्गांच्या यादीतून वगळला गेला. दोनच वर्षांनी अ‍ॅरिझोनातील सेलिग्मन या गावच्या एंजल डेलगाडिल्लो या न्हाव्याच्या पुढाकाराने लोकांनी राज्याकडून त्या रस्त्याला 'ऐतिहासिक' दर्जा मिळविला. गाव जगले, पर्यटक आले. या माणसांच्या चिकाटीला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु जतन झालेल्या विचित्र वस्तूची उक्ती बदलते. ती पूर्वी म्हणत असे, 'थांबा, येथे चहा आहे.' आता ती म्हणते, 'पाहा, येथे एके काळी लोक थांबत.' पूर्वी श्रोता अनपेक्षित होता; आता तो तिच्यासाठीच आलेला असतो. जो ठरवून येतो त्याला हाक मारावी लागत नाही, आणि हाक हाच तर त्या वस्तूचा प्राण होता.

साहित्यव्यवहारातही असेच घडते. साठोत्तरी अनियतकालिके ही मराठी वाङ्मयाच्या हमरस्त्याकडेची टपरीच होती. चक्रमुद्रित पाने, वेडेवाकडे आकार, पुढचा अंक निघेल याची खात्री नाही. आज त्यांचे अंक संग्राहकांच्या कपाटात आहेत, त्यांवर प्रबंध होतात; प्रस्तुत लेखकाने स्वतः विद्यार्थ्यांना ती चळवळ प्रश्नोत्तरांच्या रूपात शिकविली आहे. अनोळखी वाचकाच्या हातात अवचित पडण्याची जी त्यांची रीत, ती अभ्यासक्रमात आणता येत नाही. भालचंद्र नेमाडे यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हिंदू' कादंबरीच्या उपशीर्षकात 'समृद्ध अडगळ' असा शब्दप्रयोग केला आणि तो आपल्या समीक्षेत रूढ झाला. त्यातील मर्म मोठे आहे. पण समीक्षकाने तो वापरताना एक पथ्य पाळावयास हवे. अडगळ घरात राहणाऱ्याला अडते आणि पाहुण्याला समृद्ध वाटते. दुसऱ्याच्या अडगळीला समृद्ध ठरविणे हा फुकटचा रसिकपणा होऊ शकतो.

५

आता मघाशी उल्लेखिलेली गोष्ट. वडखळहून अलिबागला येताना, कार्लेखिंडीच्या अलीकडे एका वळणावर, एक चहाचे हॉटेल होते. मालकाने कधी काळी किनाऱ्याला लागलेला एक लोखंडी बोया बैलगाडीवर घालून आणला होता आणि दारासमोर ओट्यावर बसविला होता. त्याला पांढरा रंग, दोन डोळे आणि झुपकेदार मिशा. आम्ही मुले त्याला 'बोयाबुवा' म्हणत असू. दर दिवाळीला त्याला नवा रंग लागे आणि मिशांची ठेवण बदले. 'काका, यंदा मिशा खाली का?' असे विचारल्यावर मालक गंभीरपणे सांगत, 'यंदा भात बुडालं ना. मिशा वर कशा राहतील?' एस.टी.चा तेथे अधिकृत थांबा नव्हता. पण चालक थांबत.

रुंदीकरणात हॉटेलची पुढची बाजू गेली. मला ते कळले तेव्हा मी व्यथित झालो. या विषयावर लिहावे असे मनात आले, आणि बोया मिळाल्यास महाविद्यालयाच्या आवारात आणून ठेवावा असेही. मी गेलो. काका राहिले नव्हते. मुलगा उरलेल्या जागेत वाळू-सिमेंटचा व्यवसाय करतो. त्याने खुर्ची दिली, पाणी दिले. बोया भंगारात वजनावर गेला असल्याचे त्याने सांगितले. माझ्या चेहऱ्यावरचा विषाद पाहून तो म्हणाला, 'सर, एक विचारू? आमच्याकडं शेवटचा चहा कधी घेतलात?'

मला सांगता आले नाही. गाडी घेतल्यापासून मी त्या वळणावर थांबलो नव्हतो. मुंबईला जायचे तर मांडव्याहून लाँचने जात होतो. रस्ता रुंद होण्यापूर्वी कित्येक वर्षे ते हॉटेल मरत होते आणि ते मारणाऱ्यांत मी होतो. मुलाच्या स्वरात राग नव्हता. 'बाबांना शेवटी रंग द्यायला परवडत नव्हतं,' एवढेच तो पुढे म्हणाला, 'तरी देत होते.'

या प्रसंगाने मला मराठीतल्या दोन शब्दांमधला भेद शिकविला. हळहळ आणि शोक. हळहळ ही दुरून करता येते. तिच्यात हळहळणाऱ्याचा काही वाटा नसतो, त्यामुळे तिला काही किंमत पडत नाही. शोक सुतक पाळणाऱ्याचा असतो. ज्याचे नाते आहे आणि म्हणून ज्याच्याकडे काही देणे उरले आहे, तोच शोक करू शकतो. जुन्या रस्त्यांविषयी आपण जे लिहितो-बोलतो ते बहुतांशी हळहळ असते : 'पूर्वीची मजा गेली.' ती कोणी घालविली, हे त्या वाक्यात येत नाही. मराठी वाक्यरचनेने येथे आपल्याला मोठी सोय करून दिली आहे. मजा 'जाते', हॉटेल 'बंद पडते', वस्ती 'उठते'. कर्ता लागतच नाही.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. किरकोळ वस्तूचे नाहीसे होणे ही खरी हानी आहे, कारण तिच्याबरोबर अनोळखी माणसाला उद्देशून केलेली, बदल्याची खात्री नसलेली एक हाक नाहीशी होते. आणि अशा हाका जेथे उरत नाहीत, तेथे माणसे एकमेकांची केवळ अडचण होतात. ही हानी रस्ता अरुंद ठेवून टळणारी नव्हती आणि काचेच्या पेटीत ठेवून भरून येणारी नाही. तिच्याविषयी शोक करण्याचा अधिकार मात्र जन्माने, वयाने किंवा रसिकतेने मिळत नाही. तो आपला वाटा कबूल केल्याने मिळतो.

अशा कबुलीनंतर लेखकाच्या हाती एकच काम उरते, आणि ते 'स्थानपोथी'कारांनी करून दाखविलेले आहे : ठिकाण, दिशा आणि थांबण्याची रीत नेमकी सांगणे, उगाच गौरव न करता आणि गाळल्याशिवाय. म्हणून नोंदवितो : अलिबागकडे जाताना, खिंडीच्या अलीकडे, डाव्या हाताला, ओटा होता. ओट्यावर बोया होता. बोयाचे तोंड रस्त्याकडे होते. ज्या वर्षी भात बुडाले त्या वर्षी त्याच्या मिशा खाली होत्या.